मान वर करून

मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत आम्ही 34 वर्षे काढली. त्यातली बरीचशी टेबलामागे. समोर ताटकळणाऱ्या माणसाकडे न पाहता ‘कल आना’ म्हणण्याची कला आम्हांस कोणी शिकविली नव्हती; ती खुर्चीबरोबर आपोआप आली. तिचा हिशेब निवृत्तीनंतर घरच्या जेवणाच्या टेबलावर द्यावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

2021 साली चिरंजीवांची नोकरी गेली. सूनबाईंनी 18 वर्षे इंदुरातले आमचे घर सांभाळले होते, हाताशी बी. कॉम.ची पदवी आणि वय 42. त्यांनी दवाखान्यातील रिसेप्शनिस्टच्या कामाचा एक वर्षाचा दूरशिक्षणक्रम निवडला. दूरशिक्षण आमच्या पिढीला परके नाही. 1982 साली हैदराबादेत देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, 1985 साली दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचे आणि 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे. तरीही मनात आले, टपालाने फार तर माहिती येईल. माणसांशी बोलणे कसे येणार?

पुस्तके आली. केसपेपर, भेटीच्या वेळा, विम्याची कागदपत्रे, 14 आकडी आभा क्रमांक, वैद्यकीय शब्दांची फोड. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आले की दाह, आरंभी ‘कार्डिओ’ आले की हृदय. शाळेत संस्कृत शिकलेल्या आम्हांस ही उपसर्ग-प्रत्ययांची शिस्त ओळखीची वाटली. संध्याकाळी सूनबाई वही घेऊन बसत आणि आम्ही रोगी होऊन त्यांच्यासमोर जात असू.

एका धड्यात होते, की छातीत दुखणाऱ्या रोग्याला रांगेत बसवू नये. आधी डॉक्टरांना वर्दी द्यावी, नाव-पत्ता मागाहून. सूनबाईंनी ते पाठ केले. त्या दिवशी आम्ही झाबुआकडचे शेतकरी झालो आणि म्हणालो, “बाई, जी घबरा रहा है.” त्यांनी गोड आवाजात नाव विचारले, गाव विचारले आणि पाचवा क्रमांक दिला.

“सूनबाई, तुमचा रोगी गेला,” आम्ही म्हणालो.

दौऱ्यांत आम्ही पाहिले होते, की खेड्यातला माणूस ‘छातीत दुखते’ असे म्हणेलच असे नाही. जीव घाबरतो, घाम सुटतो, हात जड झाला, एवढेच तो म्हणतो. मग आम्ही दोघांनी मराठी, हिंदी आणि माळवी अशा तीन रकान्यांत दुखण्यांचे शब्द लिहून काढले. आमच्या नोकरीतले काहीतरी घरच्या उपयोगी पडले, याचा अभिमानही वाटला.

तो फार टिकला नाही. पुढचा धडा गोपनीयतेचा होता. “बाबा, रोग्याचा आजार चारचौघांत मोठ्याने विचारायचा नाही,” सूनबाईंनी वाचून दाखविले, आणि आम्हांस एक म्हातारी आठवली. कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन ती आमच्यापुढे उभी होती. भरल्या कचेरीत आम्ही कागदातून डोके न काढता विचारले होते, “आदमी कब मरा?” एक सही कमी होती, म्हणून अर्ज परत केला. ती पुन्हा आली नाही. का आली नाही, याची चौकशी आम्ही केली नाही.

ही गोष्ट घरात आम्ही त्या दिवशी प्रथमच सांगितली. सूनबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग खुर्ची फिरवून म्हणाल्या, “बाबा, आता मी अर्जदार. तुम्ही टेबलामागे बसा.”

आम्ही पेन उचलले आणि सवयीने वहीत पाहतच नाव विचारले.

“आधी मान वर करा, बाबा.”

ते जमायला आम्हांस तीन खेपा लागल्या.

आता सूनबाई एका लहानशा दवाखान्यात अर्धा दिवस काम करतात. मागच्या महिन्यात आम्ही रक्तदाब तपासायला गेलो. घरचे म्हणून आधी सोडतील, अशी जुनी हाकिमी आशा होती. त्यांनी सातवा क्रमांक दिला. पण देताना मान वर करून आमच्याकडे पाहिले. आम्ही बाकावर आमच्या पाळीची वाट पाहत बसलो.