दगडाचे दान

दगड रंगवून वाटेत लपवावा आणि परक्याने तो शोधून न्यावा, हा खेळ अमेरिकेतील केप कॉडच्या किनाऱ्यावर २०१५ साली निघालेल्या एका उपक्रमाने बराच रूढ केला. २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडात तो आमच्याही घरात शिरला. त्याच दिवसांत पुण्यास आमच्या मातोश्री निवर्तल्या. विमाने बंद, अंत्यदर्शनही घडले नाही. आमच्या कन्येने एका गुळगुळीत गोट्यावर आजीचे तुळशीवृंदावन रंगविले, वर वार्निशचा हात दिला आणि तो बागेच्या कुंपणापाशी लपविला.

सायंकाळी आम्ही एकटेच तेथे गेलो आणि, सांगावयास संकोच वाटतो, तो गोटा खिशात घालून परतलो. सकाळी रिकामी जागा पाहून कन्या नाचू लागली, "बाबा, आजीचं वृंदावन कोणीतरी घरी नेलं!" खिशातला गोटा एकाएकी फार जड झाला. शाडूची मूर्ती दहा दिवस पुजून पाण्यात सोडणाऱ्या घरात आम्ही वाढलो. तरी देणे म्हणजे काय, हे आम्हांस उमगले नव्हते.

त्या सायंकाळी ओढ्यापलीकडच्या वाटेवर आम्ही तो गोटा ठेवला आणि मागे वळून न पाहता घरी आलो.