साध्या कागदावरची वाटणी

लातूरच्या गंजगोलाई परिसरात आडतीचा व्यवसाय करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. पेढीवर आणि समाजात सर्वजण त्यांना काका म्हणत. रोजकीर्द मिळाल्याखेरीज त्यांची पेढी कधी बंद झाली नाही. अशा चोख माणसालाही आयुष्याच्या उत्तरार्धात एका कागदापायी नांदेडच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नांदेडजवळच्या एका गावी त्यांच्या आजोबांची जमीन होती. निजामाच्या राजवटीपासूनची ही मिळकत. 1954-55 च्या खासरा पत्रकात आजोबांचे नाव स्पष्ट होते. त्यांच्या पश्चात दोन मुलांनी सत्तरच्या दशकात जमीन निम्मी-निम्मी वाटून घेतली. उत्तरेकडचा भाग थोरल्यांनी घेतला आणि विहिरीकडचा भाग धाकट्यांना, म्हणजे काकांच्या वडिलांना मिळाला. एका साध्या कागदावर चतुःसीमा लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या, गावातील दोघांनी साक्ष घातली. मुद्रांक नाही, नोंदणी नाही, फेरफारही नाही. भावाभावांत कागद हवाच कशाला, अशी त्या काळची भावना. सातबाऱ्यावर दोन्ही घरांची नावे सामाईकच राहिली.

नांदेडची वस्ती पसरली, जमिनीला भाव आला आणि थोरल्या घरच्या चुलत बंधूंनी विहिरीकडच्या भागात खांब रोवण्यास प्रारंभ केला. काकांनी मनाईचा दावा दाखल केला. जमीन जेथे, दावा तेथे. त्यामुळे प्रत्येक तारखेला लातूरहून अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठावे लागे.

दाव्यातील खरी अडचण कायद्याच्या एका साध्या तत्त्वात होती. सामाईक मिळकतीत प्रत्येक सहहिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांचा कब्जा मानला जातो. म्हणून एका सहहिस्सेदाराला दुसऱ्याविरुद्ध मनाई सहसा मिळत नाही. वाटणी होऊन स्वतंत्र वहिवाट सुरू झाली, हे दाखवले तरच मार्ग खुला होतो. आणि वाटणी दाखविणारा कागद एकच, तो साधा कागद.

वकिलांनी तो वाचला आणि एका शब्दाशी थांबले. त्यात लिहिले होते, ‘आज रोजी वाटून घेत आहोत.’ पूर्वी तोंडी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या काले प्रकरणात स्पष्ट केले आहे. परंतु ज्या कागदानेच वाटणी घडते, तो शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराचा असेल, तर 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार त्याची नोंदणी सक्तीची. एका क्रियापदावर सारा दावा येऊन ठेपला.

त्या रात्री मुलगा म्हणाला, “बाबा, तेवढा एक शब्द बदलायचा आहे. ‘पूर्वीच वाटून घेतले होते’ असे नव्याने लिहून काढू. जुना कागद मिळतो. साक्षीदार तर दोघेही गेले. विचारणार कोण?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साक्षीदार गेले, पण मी आहे ना! सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे, हे तू पाठशाळेत शिकलास. ती परीक्षेपुरती नव्हती. जमीन गेली तर जाऊ दे. वडिलांच्या अक्षरात मी हात घालणार नाही.”

मूळ कागद जसा होता तसाच न्यायालयात दाखल झाला. अपेक्षेप्रमाणे प्रतिपक्षाने हरकत घेतली. मुद्रांक नाही, नोंदणी नाही आणि सही आमच्या वडिलांची नाही, असे तीन आक्षेप होते. व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे असे हे की, या तिन्ही आक्षेपांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

मुद्रांकाचा आक्षेप तेथल्या तेथे निकाली काढावा लागतो. इतर हरकती नोंदवून निकालापर्यंत ठेवता येतात, पण मुद्रांकाची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बिपिन शांतीलाल पांचाळ प्रकरणात सांगितले. तो भरल्याखेरीज कागद कोणत्याही कारणासाठी पाहता येत नाही. न्यायालयाने कागद अटकावून ठेवला, काकांनी शुल्क आणि दंड भरला, आणि पहिला अडसर दूर झाला.

नोंदणीचा दोष मात्र पैशाने दूर होत नाही. वाटणीचा पुरावा म्हणून तो कागद चालणार नव्हताच. पण नोंदणी कायद्याच्या कलम 49 मध्ये एक खिडकी आहे. आनुषंगिक प्रयोजनासाठी, म्हणजे कब्जा कोणाचा आणि कोणत्या स्वरूपाचा हे पाहण्यापुरता, असा कागद विचारात घेता येतो. तेवढ्यासाठीच त्याला निशाणी क्रमांक मिळाला. निशाणी मिळाली म्हणजे मजकूर सिद्ध झाला, असा अर्थ नव्हे.

राहिला सहीचा प्रश्न. कागद तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल, तर सही खरी असल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते. 1872 च्या पुरावा कायद्यातील हे कलम 90 होते; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. परंतु हे गृहीतक खोडता येते. शब्द बदललेला नवा कागद दाखल झाला असता, तर शाई आणि हस्ताक्षर तपासण्याची मागणी याच टप्प्यावर झाली असती.

काकांच्या वकिलांनी आधारासाठी पेढीच्या जुन्या वह्या आणल्या. त्यांत वर्षानुवर्षे विहिरीकडच्या शेताचा सारा, बियाणे आणि सालगड्याची रक्कम वेगळी लिहिलेली होती. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात येते. केवळ तिच्यावर कोणावर देणे लादता येत नाही, परंतु इतर पुराव्याला ती बळ देते. सुट्या चिठ्ठ्यांना मात्र वहीचा मान नाही.

मग चुलत बंधूंची उलटतपासणी झाली. त्यांच्याच घरातील एक जुने नोंदणीकृत खरेदीखत त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. त्यावरची सही वडिलांची, हे त्यांनी मान्य केले. त्याशेजारी वाटणीचा कागद ठेवला गेला. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, “ही सहीसुद्धा वडिलांचीच.”

निकालापर्यंत प्रकरण गेलेच नाही. त्या वर्षीच्या संवत्सरीला चुलत बंधू लातूरला आले. दोघांनी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. जुन्याच चतुःसीमा कायम ठेवून रीतसर वाटणीपत्र लिहिले गेले, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी झाली, फेरफार होऊन सातबारे स्वतंत्र झाले. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक अत्यल्प लागतो. तेवढाही खर्च टाळल्याने दोन घरांची काही वर्षे तारखांत गेली.

आपल्या घरांतून कोट्यवधींचे व्यवहार शब्दावर होतात, त्याचा अभिमान जरूर असावा. पण शब्द देणारे एक दिवस नसतात आणि मागे राहतो तो कागद. तो वेळीच नोंदवावा. आणि जो नोंदवायचा राहून गेला, तो आहे तसाच समोर ठेवावा. काकांच्या कागदात दोष दोन होते, परंतु लबाडी नव्हती. म्हणूनच तो पाहून समोरच्या माणसाला आपल्या वडिलांची सही ओळखावीशी वाटली.