अर्धरथी

युद्ध सुरू होण्याआधीच वीरांची मोजदाद करण्याचा सोस फार जुना आहे. उद्योगपर्वात दुर्योधनाने विचारले म्हणून भीष्म एकेका योद्ध्याला तोलतात. हा रथी, हा अतिरथी. कर्णापाशी येतात आणि म्हणतात, हा अर्धरथी. कारणेही देतात. कवचकुंडले गेली, परशुरामांचा शाप माथ्यावर. हिशेब चोख! पण आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांना तो कधी पटला नाही. अर्जुनाच्या तटाकडे पुरावे होते. विराटाच्या गाई सोडवताना त्याने साऱ्या कौरवांना एकट्याने पिटाळले होते. कर्णाच्या तटाकडे नुसते 'जर' होते. चाक रुतले नसते तर? इंद्र ब्राह्मण होऊन आला नसता तर? मी अर्थातच 'जर'वाल्यांत.

हीच मोजदाद अमेरिकेत खेळ होऊन बसली आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचे. बळाला आकडा, बुद्धीला आकडा. किती घाव सोसायचे ते ठरवायला १९७८च्या नियमांत योद्ध्याला दहा बाजूंचा फासा, मांत्रिकाला बिचाऱ्याला चारच बाजूंचा. १९८० साली तर एका पुस्तकात इंद्र, वरुण आणि यम यांनाही आकडे चिकटवले. यमाचे घाव मोजणारा माणूस धीराचाच म्हणायचा!

एवढे आकडे हाताशी असताना वाद मिटायला हवेत. पण माझा पुतण्या आणि त्याचा मित्र गेले तीन रविवार भांडत आहेत. या खेळातून पुढे कादंबऱ्या निघाल्या. त्यांतला १९८४ सालचा मांत्रिक रेस्टलिन श्रेष्ठ, की १९८८ साली अवतरलेला ड्रिझ्ट? ड्रिझ्टच्या दोन्ही हातांत वाकड्या तलवारी, हाकेसरशी धावून येणारी काळी बिबटीण सोबत. मित्र म्हणतो, दोघे हातभर अंतरावर उभे आहेत. पुतण्या म्हणतो, छे, मैदानाच्या दोन टोकांना! मग प्रश्न निघतो, रेस्टलिनने सकाळी कोणते मंत्र पाठ केले होते? कारण तिथे मंत्र एकदा उच्चारला की स्मरणातून पुसला जातो. पुन्हा पोथी उघडावी लागते. हे ऐकून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. ऐन वेळी अस्त्र न आठवलेला एक वीर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

रेस्टलिनची कांती सोनेरी, डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या, आणि छातीत कायमचा खोकला. धिप्पाड जुळा भाऊ त्याला सावरीत चालतो. आमचा पुतण्या लहानपणापासून दमेकरी. शाळेच्या मैदानावर संघ पाडताना त्याची पाळी शेवटी येते. फाशांशेजारी त्याचा औषधाचा पंप ठेवलेला असतो.

"पण मंत्र म्हणता म्हणता त्याला उबळ आली तर?" मित्राने विचारले.

"मंत्र पुरा झाल्यावर येते," पुतण्या म्हणाला, "आधी नाही."

मित्राने पंपाकडे पाहिले. मग मैदानाची लांबी किती धरायची, ते त्याने विचारले.