जन्मतः सांधलेली मान

शंखाकृति मानेची स्तुति आपल्या कवींनीं पुष्कळ केली आहे. आंखूड व ताठ मानेच्या वांट्यास मात्र 'अकडू', 'मानी' अशीं विशेषणें येतात, आणि त्यांच्या मागोमाग तेलाची वाटी येते. अशी मान चोळून मोकळी होईल, ही समजूत घरोघर आहे. ती एखाद्या मुलाच्या जिवावर बेतूं शकते, म्हणून आम्ही हें लिहीत आहों.

मानेंत सात मणके असतात. गर्भावस्थेच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत ते एकमेकांपासून सुटे व्हावयाचे. कांहीं मुलांत दोन किंवा अधिक मणके तसेच सांधलेले राहतात. १९१२ सालीं फ्रान्समधील मॉरिस क्लिपेल व आंद्रे फाइल यांनीं एका शिंप्याच्या मानेवरून या विकाराचें वर्णन केलें, म्हणून त्यास त्या दोघांचें नांव मिळालें. सुमारें ४०,००० जन्मांत असें एक मूल, असा अंदाज आहे. आंखूड मान, मागें खालपर्यंत उतरलेले केस व मानेची अपुरी हालचाल हीं तिन्ही लक्षणें निम्म्याहून कमी रोग्यांत एकत्र आढळतात.

आमच्या आप्तांपैकीं एका घरांत असा नातू आहे. सुनेनें ग्रहणांत भाजी चिरली म्हणून हें झालें, असें आजीबाईंनीं ठरविलें होतें, आणि ती बिचारी सहा वर्षें मुकाट्यानें तें ऐकत होती. ग्रहणाचा याशीं कांहीं संबंध नाहीं. कांहीं कुटुंबांत जनुकांचा दोष सांपडला आहे; पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं. शाळेंत तो मुलगा उद्धट ठरला होता, कारण हांक मारली तरी ओ देत नसे. तपासाअंतीं निघालें तें असें कीं, त्यास एका कानानें फार कमी ऐकूं येतें! या विकारांत कान, मूत्रपिंडें, हृदय व पाठीचा कणा यांतही दोष असूं शकतात. तेव्हां मानेपुरतें पाहून थांबूं नये. मुलास पुढच्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असें बसविलें आणि निम्मी तक्रार मिटली. (आम्हीं चाळीस वर्षें फळ्यापुढें काढलीं, मुलास कोठें बसवावें हें शिक्षकास कोणी शिकवीत नाहीं.)

शस्त्रक्रियेवांचूनचा उपचार म्हणजे मुख्यतः राखण. सांधलेलें हाड तेलानें, काढ्यानें वा आसनानें सुटत नाहीं. त्याच्या वरच्या व खालच्या मोकळ्या सांध्यांवर मात्र अधिक ताण पडतो, ते ढिले होऊं शकतात, आणि मग एखाद्या हिसक्यानें मज्जारज्जूस इजा पोंचते. म्हणून न्हाव्याकडून मान मोडून घेणें मुळींच नको. शीर्षासन, कुस्ती, कबड्डी, कोलांटउड्या याही नकोत. जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीं मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंचा हलका व्यायाम, दुखल्यास शेक, डॉक्टरांनीं दिलेली वेदनाशामक गोळी व थोडे दिवस मऊ पट्टा, एवढें पुष्कळांस पुरतें. डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें मानेचीं क्ष-किरण चित्रें काढवावीं. मूत्रपिंडांची सोनोग्राफी व कानांची तपासणी तर आरंभींच करवावी.

हातापायांस मुंग्या वा अशक्तपणा येणें, चालतांना तोल जाणें, लघवीवरचा ताबा सुटणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही दवडूं नये. तेथें शस्त्रवैद्यच गांठला पाहिजे. आणि कोणत्याही कारणानें भूल द्यावयाची झाल्यास मानेची हकीकत भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानीं आधींच घालावी, कारण श्वासनलिकेंत नळी घालतांना ते रोग्याची मान मागें वांकवितात.