आई, मालिका आणि "ही कोन व्हय?"



इथे मी नेहमी बीपी, शुगर, थायरॉईडवर लिहितो. आज मालिकांवर लिहितोय. हसू नका, विषय आरोग्याचाच आहे.

आधी कबुली देतो. नांदुऱ्यात दवाखाना बंद करून घरी आलो की मीही आईशेजारी टीव्हीसमोर बसतो. सवय तिचीच. ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. तेवढ्या काळात आमच्या घरात लग्नं झाली, बारशी झाली, वडील गेले. आशादेवी आणि अनुराधा मात्र रोज हजर. लोडशेडिंगमुळे भाग हुकला की दुसऱ्या दिवशी खामगावच्या मावशीला फोन. पुढे २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. राधिका आपल्याकडची बोली बोलायची, म्हणून आई म्हणायची, "आपली पोरगी व्हय थे."

पडद्यावरच्या माणसांशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी नात्याबद्दल हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय. त्यात वेड लागण्यासारखं काही नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर ती सोबतच असते. त्रास होतो तो वेळापत्रकाचा. मालिका संपेपर्यंत जेवण लांबवणारे शुगरचे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. उलट बीपीची गोळी लक्षात राहावी म्हणून "शीर्षकगीत लागलं की गोळी" असं मी स्वतःच काही जणांना सांगायचो. एका आजींची रविवारची गोळी बरोबर उरायची. रविवारी मालिकाच नसायची!

पण आज सांगायचं आहे ते वेगळंच. लांबलचक मालिका समजून घेणं हे मेंदूला सोपं काम नाही. कोण कोणाचं, तीन महिन्यांपूर्वी काय घडलं, कोणतं गुपित कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे सगळं धरून ठेवावं लागतं. नव्या गोष्टी साठवणारी स्मरणशक्ती आणि लक्ष, दोन्ही लागतात.

'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली. पुढच्या वर्षी संजनाच्या भूमिकेत दीपाली पानसरे यांच्या जागी रुपाली भोसले आल्या, तेव्हा आईने विचारलं, "ही कोन व्हय?" यात काहीच चूक नव्हतं, नटीच बदलली होती. पण नंतर ती जुन्या पात्रांबद्दलही विचारू लागली. काल काय झालं म्हटलं तर, "तेच थे, भांडणं." आम्ही हसलो. मालिकेचं याहून नेमकं परीक्षण कोणी केलं नसेल! टीव्हीचा आवाजही वाढत गेला. मी डॉक्टर, रोज शेजारी बसणारा, आणि माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं मावशीच्या. ती म्हणाली, "ताई आजकाल मालिकेचं काहीच सांगत नाही रे. फोनच करत नाही."

मग तपासण्या केल्या. बी-१२ बरंच कमी निघालं. आई पूर्ण शाकाहारी, त्यात जेवणही कमी झालेलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. इंजेक्शनं सुरू केली, श्रवणयंत्र आणलं. काही महिन्यांत फरक पडला, पण सगळं परत आलं नाही. अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं की डिमेन्शियाची सुरुवात असू शकते, दर सहा महिन्यांनी तपासत राहू.

म्हणून तुम्हाला सांगतो. पात्राचं नाव विसरणं कोणाचंही होतं, मीही विसरतो. पण ज्याला मालिकेचा धागा न् धागा पाठ होता त्याला गोष्टच कळेनाशी झाली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, आवडीची मालिका त्याने आपणहून सोडली, सोबत पैशांचा हिशेब किंवा स्वयंपाक चुकू लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२, थायरॉईड, कान, डोळे, उदासी, चालू असलेली औषधं, हे सगळं तपासता येतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. आणि हा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर ती वेगळी गोष्ट. जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणं, पक्षाघात, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता संध्याकाळी आई दहादा विचारते, मी दहादा सांगतो. परवा मीच गोंधळलो. म्हटलं, "आई, हा कोण?"

"जावई व्हय ना थो त्याईचा," ती म्हणाली.

खरं की नाही मलाही माहीत नव्हतं. जेवणं झाल्यावर मावशीला फोन लावला. बरोबर होतं.