शेपटीचे चाक

द्वारकेवरून पालमकडे उतरणारी विमाने पाहताना चाके धावपट्टीला टेकली की अवतरण संपले, असे वाटते. शेजारच्या निवृत्त वायुदल-प्रशिक्षकांनी हा समज दूर केला. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२ हे त्यांचे विमान. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली. साहजिकच गुरुत्वमध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे पडतो. नाक किंचित वळले की मागचा भार पुढे जाऊ पाहतो, शेपटी बाहेर फेकली जाते आणि वळण आपणच वाढत जाऊन विमान गर्रकन फिरते. कधी पंखही जमिनीला घासतो. वेग ओसरतो तसा सुकाणूवरचा वाराही दुबळा होतो. (आम्हा समीक्षकांची दाद मात्र बहुधा स्पर्शालाच जाते.) उपाय पावलांत: वळण वाढण्यापूर्वीच हलका दाब द्यावा, लगेच सोडावा. उशिराचा जोर विमानाला विरुद्ध बाजूला भरकटवतो. “विमान थांबलेलं नाही, पाय जागे ठेव,” असे ते विद्यार्थ्यांना बजावीत.

मधुमेहाने आता त्यांचीच पावले बधिर झाली आहेत. तक्रारीचा सूर नाही. सायंकाळी जिना उतरताना, “डॉक्टरसाहेब, शेवटची पायरी आली का?” एवढेच ते विचारतात.