दिग्याचा चेहरा कुणाचा?

खरं सांगा, कादंबरीच्या कव्हरवर सिनेमातल्या हिरोचा फोटो दिसला की तुमच्या कपाळाला आठी पडते, की हात आपोआप पाकिटाकडे जातो? आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न टाकला की दोन पार्ट्या पडतात आणि चहा थंड होतो. एक पार्टी म्हणते, ‘शी! हे पुस्तक आहे की पोस्टर?’ दुसरी म्हणते, ‘मग बिघडलं काय? आतली अक्षरं तीच आहेत ना?’ तिसरीही एक पार्टी असते. ‘पिक्चर बघितलाय, मग पुस्तक कशाला वाचायचं?’ म्हणणारी. तिच्याशी मी वाद घालत नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्याच तासाची असते.

मी राहतो पडघ्याला आणि नोकरीही पडघ्यातच करतो. मुंबईकरांना पडघा म्हणजे नाशिकला जाताना लागणारा टोलनाका. महापारेषणवाल्यांना पडघा म्हणजे चारशे केव्हीचं सबस्टेशन. आता तिसरी ओळख म्हणजे गोडाऊन्स. भिवंडीच्या आसपास गोडाऊन्स आधीपासून होतीच, पण 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि भाताच्या खाचरांवर पत्र्याची इतकी मोठमोठी छपरं उभी राहिली की विमानातून आमचं गाव निळंपांढरं दिसत असणार. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमण्यापर्यंत खुला झाला. आमणे आमच्या शेजारीच. थोडक्यात, रात्री अकराला अंथरुणात पडून तुम्ही जे पुस्तक ऑर्डर करता, ते त्या क्षणी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झोपलेलं असू शकतं.

आणि झोपलेलं कुठे? तर ट्रिमर आणि कुकरची शिट्टी यांच्या मध्ये! आमच्याकडे पुस्तकांचा वेगळा कप्पा वगैरे भानगड नसते. जिथे जागा रिकामी, तिथे माल. कुठे काय ठेवलंय ते कॉम्प्युटरला माहीत. त्यामुळे पुस्तकं कशी विकली जातात हे दुकानदाराला दिसतं तसं आम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसतं ते परत काय येतं ते.

रिटर्नच्या कारणांचा एक रकाना असतो. पान फाटलंय, कोपरा दुमडलाय, पावसात भिजलं, हे नेहमीचं. पण मधूनच एक कारण येतं: ‘फोटोत होतं तसं कव्हर नाही.’ गंमत म्हणजे हे दोन्ही बाजूंनी येतं. कुणाला जुनं, चित्राचं कव्हर हवं असतं आणि हातात पडतो हिरो-हिरॉइनचा क्लोजअप. कुणाला नेमका तो क्लोजअपच हवा असतो आणि येतं जुनं, गंभीर कव्हर. भांडण कंपनीशी असतं, पण मूळ कारण आयएसबीएन. नुसतं कव्हर बदललं तर पुस्तकाला नवा नंबर घ्यावाच लागतो असं नाही. नंबर तोच राहिला की आमच्या कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही पुस्तकं एकच. त्याला चेहरा दिसत नाही, फक्त बारकोड दिसतो.

मला स्वतःला विचाराल तर अशी कव्हरं नाही आवडत. पण माझं कारण कॅन्टीनमध्ये सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सांगतो.

आमच्या पिढीतल्या अनेक मराठी वाचकांनी पुस्तकांची कव्हरं फारशी बघितलेलीच नाहीत. आपण वाचनालयातली पुस्तकं वाचली. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला जाड पुठ्ठ्याचं बायंडिंग, वर लाल नाहीतर काळं रेक्झिन आणि पाठीवर नंबर. मुखपृष्ठ गायब. फार तर आत कुठेतरी चिकटवलेलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आहे. माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं तिथे कार्ड होतं आणि त्याच्या कार्डावर मी वाचायचो. 2005 साली, अकरावीत असताना, त्यानं माझ्या हातात एक लाल ठोकळा दिला. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’. कल्याणहून गांधारी पुलावरून पडघ्याला येणाऱ्या गाडीत मी ते उघडलं आणि आमचा स्टॉप पुढे निघून गेला.

ज्यांनी वाचलंय त्यांना सांगायला नको. पुण्यातलं कॉलेज, कट्टा, दोस्ती, आणि त्या कट्ट्याचा बादशहा दिग्या. दिगंबर शंकर पाटील, म्हणजे डीएसपी. मारामाऱ्या करणारा, दोस्तांसाठी जीव टाकणारा. कादंबरी 1982 ची, पुण्याची. मी पडघ्याचा. पुण्याचा कट्टा मी कधी बघितलाही नव्हता. पुस्तकावर चित्र नाही, फोटो नाही. मग दिग्या दिसणार कसा?

दिग्या मला दादासारखा दिसला. म्हणजे दादाच दिसला.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली आणि टेम्पो धरला. भिवंडीतल्या लूमवरून कापडाचे तागे भरायचे आणि मुंबईला पोचवायचे. शर्टाची दोन बटणं कायम उघडी, डावा खांदा किंचित खाली, आणि चालताना उजव्या हातातली किल्ली बोटाभोवती फिरवायची सवय. नाक्यावर कुणाची भांडणं लागली की दादाला बोलावणं यायचं. एकदा माझ्या वर्गातल्या एका पोराला दोघा-तिघांनी धरलं होतं, तर दादा टेम्पो चालू ठेवून उतरला, काहीही न बोलता नुसता उभा राहिला, आणि ते पांगले. ‘दुनियादारी’तल्या हाणामाऱ्या वाचताना मला फार कष्ट पडले नाहीत. सगळं कास्टिंग घरातच होतं!

दादानं आयुष्यात एकही कादंबरी वाचली नाही. मी त्याला म्हटलं होतं, ‘यात एक जण आहे, सेम तुझ्यासारखा.’ तो म्हणाला, ‘मग वाचायची कशाला? मला माहितीये पुढे काय होणार ते.’

2009 च्या पावसाळ्यात, हायवेवर, टेम्पोतच तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता. वहिनी चोवीसची, आणि त्यांचा मुलगा दोन वर्षांचा.

दादाचे फोटो मोजून पाच-सहा. लायसन्सवरचा, लग्नातले दोन-तीन. ते सगळे ‘फोटोला उभा राहा’ म्हटल्यावर काढलेले, त्यामुळे त्यातला दादा दादासारखा दिसतच नाही. तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढायची आजच्यासारखी पद्धत नव्हती. चालणारा, किल्ली फिरवणारा, वैतागून मान झटकणारा दादा माझ्याकडे एकाच ठिकाणी शिल्लक होता. दिग्यामध्ये. त्याची आठवण आली की मी अल्बम काढत नसे. ‘दुनियादारी’ आणायचो, कुठलंही पान उघडायचो आणि तो यायचा.

मग जुलै 2013 मध्ये सिनेमा आला. संजय जाधवांचा. स्वप्नील जोशी, सई ताम्हणकर, जितेंद्र जोशी, आणि दिग्या झालेला अंकुश चौधरी. सिनेमा धो-धो चालला. मीही ऑफिसच्या ग्रुपबरोबर बघितला, शिट्ट्या मारल्या. अंकुश चौधरीनं काम सॉलिड केलं होतं, त्यात शंकाच नाही. तोच तर प्रॉब्लेम! वाईट केलं असतं तर विसरलो असतो. शिरवळकर तो बघायला नव्हते, ते 2003 सालीच गेले. आपल्या दिग्याला मिळालेला चेहरा त्यांना पटला असता का, असं मला उगाचच वाटत राहिलं.

महिनाभरानं कल्याण स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर मला ‘दुनियादारी’ दिसली. पायरेटेडच असणार, कारण कव्हर म्हणजे चक्क सिनेमाच्या पोस्टरची झेरॉक्सवजा नक्कल होती, रंग फुटलेली. तरी घेतली. स्वतःची प्रत माझ्याकडे नव्हतीच ना. लोकलमध्ये उघडली. दोन पानं वाचली. दिग्या आला, आणि त्याला अंकुश चौधरीचा चेहरा होता. परत मागे जाऊन वाचलं. परत तोच. खांदा सरळ. हातात किल्ली नाही.

याला काय म्हणायचं? पुस्तक तेच, शब्द तेच, पण माझ्या घरातला माणूस त्यातून बाहेर काढून तिथे दुसरा आणून बसवलेला. बरं, तक्रार कुणाकडे करणार? रिटर्नच्या रकान्यात हे कारण नाही.

नुसत्या सिनेमाला दोष देऊन चालणार नाही, हेही मला कळतं. माझ्या पाहण्यातला पहिला कर्ण सिनेमातला नव्हता. तो ‘मृत्युंजय’च्या मुखपृष्ठावरचा, दीनानाथ दलालांनी काढलेला. आजही कर्ण म्हटलं की मला तोच दिसतो. चेहरा तर दलालांनीही दिलाच की! पण रंगवलेला चेहरा थोडा मोकळा असतो. त्याच्यात आपलं काही घुसवायला जागा राहते. फोटोतला माणूस मात्र मुलाखत देतो, बनियनची जाहिरात करतो, रविवारी टीव्हीवर दिसतो. तो आपल्या डोक्यातून जायचं नावच घेत नाही.

कधीकधी मात्र चेहरा असा बसतो की बोलायची सोय नाही. जब्बार पटेलांनी 1979 मध्ये अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून एक सिनेमा केला. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. मी कादंबऱ्या नंतर वाचल्या, आणि फुल्यांशिवाय दुसरा दिगू मला नकोच आहे. (आता यात पोस्टर कुठल्या कादंबरीवर लावायचं, हा प्रश्न आमच्या कॉम्प्युटरलाही सुटणार नाही.)

नाव बदलण्याचे प्रकार तर आणखी भारी. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर प्रभातनं 1937 मध्ये सिनेमा काढला आणि नाव ठेवलं ‘कुंकू’. म्हणजे सिनेमानं नाव बदललं, पुस्तकाला हात लावला नाही. उलट विकास स्वरूप यांची 2005 ची ‘क्यू अँड ए’. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ गाजल्यावर कादंबरी त्याच नावानं दुकानात आली. लेखकाला चाललं, तर आपण कोण बोलणार? अमेरिकेत 2013 मध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’वर लिओनार्डो डिकॅप्रिओचा फोटो आला, तेव्हा तिथल्या काही छोट्या दुकानांनी ती आवृत्ती ठेवायला नकार दिला आणि 1925 चं चित्र असलेलीच विकली. मी तिथे असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मी तिथे नाही, पडघ्यात आहे. आणि आमच्या फ्लोअरवर एक मुलगी पिकिंगचं काम करते, खडवलीहून येते. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ आला. तिनं दोनदा बघितला, आणि मला विचारलं, ‘सर, ह्याचं पुस्तक आहे ना?’ आहे, शिवाजी सावंतांचं, 1979 चं, म्हटलं. तिनं मागवलं. आलं ते बघून म्हणाली, ‘ह्याच्यावर विकी कौशल नाहीये.’

‘मग बरंच आहे की,’ मी म्हटलं.

‘बरं काय सर? घरी सांगितलंय पिक्चरचं पुस्तक घेतलंय. आता त्यांना कसं कळणार हेच ते म्हणून? एवढे पैसे घातले पुस्तकात, तर दाखवायला नको?’

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यासारख्यांच्या घरात पुस्तक विकत घेणं हा खर्च असतो, आणि खर्चाला कारण लागतं. फोटो हे चांगलं कारण आहे. तो ठोकळा तिनं कंपनीच्या बसमध्ये वाचला, जाता-येता. मे महिन्यात एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन जरा रागानंच म्हणाली, ‘सर, पिक्चरमध्ये ह्यातलं अर्धंसुद्धा नाहीये!’ मग सावंतांचं दुसरं काय आहे ते विचारून गेली. मी ‘मृत्युंजय’ सांगितलं. कर्णाच्या चित्राबद्दल बोललो नाही. तिचा कर्ण तिलाच बघू दे.

तेव्हा कॅन्टीनमध्ये मी हल्ली एवढंच म्हणतो: छापा, खुशाल छापा. फक्त जुनंही छापत राहा, आणि वेबसाइटवर नीट लिहा, कुठलं येणार आहे ते. बाकी ज्याला नको असेल त्यानं खाकी कागद आणावा.

मी आणला. जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना घालतात तोच. माझा पुतण्या यंदा एफवायला गेला, कल्याणच्याच कॉलेजात. कपाटासमोर उभा राहून म्हणाला, ‘काका, ट्रेनमध्ये वाचायला द्या ना काहीतरी.’ फुटपाथवरची ‘दुनियादारी’ काढली, पोस्टरवर खाकी कागद घातला, कोपरे दुमडून डिंक लावला आणि त्याला दिली. पहिलं पान उघडून त्यानं नाव वाचलं.

‘हा तर पिक्चर बघितलाय मी. अंकुश चौधरी.’

‘वाच तर,’ म्हटलं.

वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती. ती काही बोलली नाही. तो पुस्तक घेऊन निघाला, डावा खांदा किंचित खाली, आणि स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवत. ही सवय त्याला कुणी शिकवली नाही, शिकवणारा घरात नव्हताच.

काल विचारलं तर साठाव्या पानावर होता.